दहा-बारा मेल अकाउंट सांभाळायचे असतील तर थंडरबर्ड घ्या, पण नीट लावून घ्या

माझं काम टॅक्स कन्सल्टंटचं, नाशिकला. स्वतःचा एक मेल आयडी, ऑफिसच्या डोमेनचा एक, आणि शिवाय ज्या क्लायंटना मेल उघडून बघायची सवयच नाही त्यांनी जीएसटीला लावलेले आयडी, असे मिळून दहा-बारा अकाउंट रोज बघावे लागतात. आमच्या लाइनमधले बहुतेक जण हे सगळं क्रोममध्येच वेगवेगळी प्रोफाइल करून चालवतात, किंवा सगळे मेल एकाच जीमेलवर फॉरवर्ड लावून ठेवतात. दोन्हीत धोका आहे. प्रोफाइलवालं काम गर्दीच्या दिवसांत राहून जातं, आणि फॉरवर्ड केलेल्या मेलला उत्तर दिलं की ते तुमच्या आयडीवरून जातं, क्लायंटच्या नाही. आणि इथे उशीर परवडत नाही हो, डीआरसी-०१बी (जीएसटी कमी भरल्याची सूचना) आली की ७ दिवसांत उत्तर द्यायचं असतं, इन्कम टॅक्सच्या १४३(१)(ए) ला (रिटर्नमधल्या आकड्यांत बदल सुचवणारी सूचना) ३० दिवस. पोर्टलवर नोटीस दिसतेच, पण रोज दहा पोर्टल लॉगिन कोण करणार, पहिली खबर मेलवरच मिळते.

म्हणून डेस्कटॉपवरचं मेल सॉफ्टवेअर. बरीच बघितली आणि माझं मत थंडरबर्डच्या बाजूने पडलंय. फुकट आहे, अकाउंट कितीही जोडा, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, २००४ मध्ये पहिलं व्हर्जन आलं म्हणजे जुनं जाणतं आहे, आणि आजही लोकांच्या देणग्यांवर चालतं त्यामुळे आत जाहिराती नाहीत. दिसायला जुनाट म्हणून लोक नाकं मुरडायचे पण २०२३ मध्ये ११५ नंबरचं व्हर्जन आलं, सुपरनोव्हा म्हणतात त्याला, तेव्हापासून बरंच सुधारलंय.

पण मी ते घ्या म्हणतेय ते दिसण्यासाठी नाही, सेव्ह्ड सर्च नावाच्या सोयीसाठी. युनिफाइड इनबॉक्स बहुतेक ॲपमध्ये मिळतो, सगळ्या अकाउंटचे मेल एकाखाली एक. दोन-तीन अकाउंट असतील तर ठीक आहे, दहा अकाउंटचा एकच इनबॉक्स केला की बँकेच्या ऑफर, वीजबिल, कुणाच्या तरी मुलाच्या शाळेचं सर्क्युलर यात नोटीस बुडून जाते. सेव्ह्ड सर्चमध्ये तुम्ही एक फोल्डर बनवता, अट लिहिता की पाठवणाऱ्याच्या पत्त्यात जीएसटी डॉट जीओव्ही डॉट इन असलं पाहिजे, आणि कुठल्या कुठल्या अकाउंटचे इनबॉक्स शोधायचे ते टिक करता. झालं. मेल आपापल्या अकाउंटमध्ये जागच्या जागी राहतात, हलवाहलवी काही नाही, पण सगळ्या क्लायंटच्या जीएसटीच्या मेल एका फोल्डरमध्ये दिसतात आणि नवीन आली की आपोआप त्यात येते. दुसरं फोल्डर इन्कम टॅक्सचं, तिसरं टीडीएसचं. सकाळी ऑफिसला आल्यावर आधी ही तीन फोल्डर बघायची, बाकीचं नंतर.

एक लक्षात ठेवा, नवीन क्लायंटचं अकाउंट जोडलं की ते या फोल्डरमध्ये आपोआप येत नाही, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्याचा इनबॉक्स टिक करावा लागतो. मी तर कागदावर चेकलिस्टच केलीय, अकाउंट जोडा, सही टाका, रंग द्या, तिन्ही सर्चमध्ये टिक करा. रंगाची सोय २०२४ च्या व्हर्जनपासून आहे, प्रत्येक अकाउंटला वेगळा रंग. छोटी गोष्ट वाटते पण खूप उपयोगी आहे, कारण उत्तर देताना आयडी बरोबर निवडला जातो (ज्या अकाउंटवर मेल आला त्यावरूनच जातं) पण युनिफाइड फोल्डरमधून नवीन मेल लिहायला घेतला तर डिफॉल्ट अकाउंटवरून सुरू होतो. एका क्लायंटचे आकडे दुसऱ्याच्या आयडीवरून जाणं आमच्या धंद्यात चालत नाही, तर फ्रॉमची ओळ बघितल्याशिवाय सेंड दाबायचं नाही, हे ऑफिसातल्या प्रत्येक मुलामुलीला पहिल्याच दिवशी सांगायचं.

जीमेल जोडणं सोपं आहे. गुगलचीच लॉगिन विंडो उघडते, क्लायंटने स्वतः पासवर्ड टाकला की काम झालं, पासवर्ड तुम्हाला माहीत असायचीही गरज नाही. टू-स्टेप लावलेलं असेल तर कोड त्याच्या फोनवर जातो, म्हणून हे काम तो ऑफिसला आलेला असतानाच करून घ्या. नंतर त्याने पासवर्ड बदलला की जोडणी तुटते, परत लॉगिन. आणि जीमेलच्या वेब सेटिंगमध्ये लेबल्समध्ये जाऊन ऑल मेलसमोरचं शो इन आयमॅप (आयमॅप म्हणजे सर्व्हरवरचे मेल अशा सॉफ्टवेअरमध्ये दाखवायची पद्धत) काढून टाका, नाहीतर तोच मेल इनबॉक्समध्ये आणि ऑल मेलमध्ये दोनदा दिसत राहतो आणि शोधताना वैताग येतो. झोहो वापरणारे क्लायंट असतील तर आधी प्लॅन विचारा, फुकटच्या प्लॅनमध्ये आयमॅप मिळत नाही.

आता जिथे कमी पडतं ते. फिल्टर प्रत्येक अकाउंटचे वेगळे लिहावे लागतात, सगळ्यांना मिळून एक असा फिल्टर नाही, आणि फिल्टर थंडरबर्ड उघडं असेल तेव्हाच चालतात, पीसी बंद तर फिल्टर बंद. दुसरं, डिलीट केलेला मेल फोल्डर कॉम्पॅक्ट होईपर्यंत (म्हणजे डिलीट केलेलं खरोखर साफ होईपर्यंत) डिस्कवर तसाच पडून असतो कारण एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये ठेवतात, म्हणून कॉम्पॅक्ट चालू ठेवा आणि अँटीव्हायरसला प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्डचे मेल आणि सेटिंग असतात ते) वगळायला सांगा, एखाद्या व्हायरसवाल्या मेलपायी तो अख्खी इनबॉक्सची फाइलच उचलून बाजूला ठेवू शकतो. लॅपटॉपची डिस्क लहान असेल तर सिंक्रोनायझेशनमध्ये शेवटचे ३० दिवसच ठेवा असं सांगता येतं, पण मग जुन्या मेलमधला मजकूर शोधताना अडतं, मी तरी पूर्ण उतरवून घेते.

पर्यायांचं थोडक्यात. जुनं क्लासिक आउटलुक दणकट आहे, एक्सेलवाल्यांना सवयीचं, पण त्यात युनिफाइड इनबॉक्स नाही आणि त्याचं सर्च फोल्डर एका अकाउंटच्या डेटा फाइलबाहेर बघत नाही, म्हणजे मला जे हवं तेच नाही. नवीन आउटलुक फुकट आहे पण जाहिराती दाखवतं, आणि जीमेल वगैरे जोडलं की मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर सिंक होतात. स्वतःच्या मेलचं तुम्ही ठरवा, क्लायंटच्या मेलची आणखी एक प्रत तिसरीकडे ठेवायचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही. ईएम क्लायंट दिसायला सगळ्यात छान, कॅलेंडरही मस्त, पण फुकटात दोनच अकाउंट आणि तेही घरगुती वापरासाठी. धंद्याला घ्यायचं तर पैसे भरून घ्या. मॅक असेल तर ॲपल मेलमध्ये स्मार्ट मेलबॉक्स आहेत, ते सगळ्या अकाउंटमधून शोधतात, तिथे थंडरबर्ड नाही टाकलं तरी चालेल. एखाद्या क्लायंटची कंपनी मायक्रोसॉफ्ट एक्सचेंजवर (कंपन्यांसाठीचा मेल सर्व्हर) असेल तर थंडरबर्डमध्ये पूर्वी ॲड-ऑन शोधत बसावं लागायचं, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये १४५ व्हर्जन आलं त्यात एक्सचेंजचे मेल थेट जोडता येतात.

शेवटचं आणि हे अजिबात टाळू नका. थंडरबर्डमध्ये प्रायमरी पासवर्ड आपोआप लागलेला नसतो, तो सेटिंगमध्ये जाऊन लावा, नाहीतर पीसीवर बसलेला कुणीही सेव्ह केलेले पासवर्ड उघडून बघू शकतो. त्याने फक्त पासवर्ड झाकले जातात, मेल नाही, म्हणून विंडोज प्रोवर असाल तर बिटलॉकर (अख्खी डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) पण चालू करा. आणि बॅकअप म्हणजे अख्खं प्रोफाइल फोल्डर, थंडरबर्ड बंद करून, बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करायचं. होस्टिंगवाल्याची जागा भरली म्हणून जुने मेल लोकल फोल्डर्समध्ये हलवले असतील तर ते सर्व्हरवरून गेलेले असतात, त्यांची प्रत फक्त तुमच्या मशीनवर उरते. आमच्याकडे दर शनिवारी संध्याकाळी ड्राइव्ह लावून हे करतात, आणि नवीन पीसीवर तेच फोल्डर नेलं की अकाउंट, सह्या, रंग, सर्च सगळं जसंच्या तसं उघडतं.