लेंटची (ईस्टरआधीच्या उपवासकाळातली) एक दिवसाची प्रार्थना-चिंतनाची रिट्रीट, पुणे कॅम्प : बाईंना पाच स्टार, बाकीच्याला अडीच

आयोजकांचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण थोडी तक्रार आहे आणि माझी मावशी त्याच मंडळीत (म्हणजे चर्चला) जाते, तिला रविवारी तोंड दाखवायचंय. कॅम्पातला हॉल, शनिवार सकाळी ९ ते ४, फी ३५० जेवणासकट. विषय होता नम्रता आणि आत्मिक गरज.

आता विषय नम्रता आणि सुरुवात कशाने, तर सत्काराने. पाहुणे, पाहुण्यांच्या मिसेस, हॉल मिळवून देणारे, साउंडवाले, सगळ्यांना शाल-श्रीफळ, आणि प्रत्येक शाल आधी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढायची, तो चुरचुर आवाज माइकमधून अख्ख्या हॉलला, मग फोटो, मग साहेब जरा इकडे बघा. पाऊण तास गेला. एक काका "मी काय, प्रभूच्या पायाची धूळ" म्हणून उठले आणि आपण कुठकुठल्या कमिटीवर होतो ते सालासकट सांगत बसले. मावशी बडीशेप चघळत म्हणाली, "धूळ बरीच उडाली गं." तुम्ही जाणार असाल तर पावणेदहाला पोचा, काही बुडत नाही.

पण बोलायला आलेल्या बाई! सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या कॉलेजात) शिकवून रिटायर झालेल्या. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि सरळ बायबलमधला लूक १८ उघडायला लावला. मंदिरात प्रार्थना करणारे दोघे, धर्मनियम काटेकोर पाळणारा परूशी आणि लोक पापी समजत तो करवसुली करणारा जकातदार, येशूने सांगितलेली, संडेस्कूलपासून पाठ झालेली गोष्ट, मला वाटलं आता झोप येणार. तर त्या म्हणाल्या, परूशी एक शब्दही खोटं बोलत नाहीये हे लक्षात घ्या, आठवड्यातून दोनदा उपास करतो म्हणतो तो करतच असणार, कमाईचा दशांश देवाला देत असणार, शिवाय देवाचे आभारही मानतोय. फक्त त्या अख्ख्या प्रार्थनेत मागणं एकही नाही. वार्षिक सभेत सेक्रेटरी अहवाल वाचतो ना, तसं. जकातदाराकडे सांगण्यासारखं काहीच नाही, म्हणून तो फक्त दया मागतो आणि येशू म्हणतो हाच नीतिमान ठरून घरी गेला. येशूच्या दुसऱ्या वचनातले "आत्म्याने दीन ते धन्य" म्हणजे चेहरा पाडून बसणारे नाहीत, ज्यांना मागावं लागतं ते, असं त्यांचं सगळं म्हणणं.

मग लावदिकीया, आजच्या तुर्कस्तानातलं जुनं शहर, बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण ३ मध्ये येतं ते. हे मला अजिबात माहीत नव्हतं : साधारण इ.स. ६० मध्ये तिथे मोठा भूकंप झाला, आणि शहर इतकं पैसेवालं की रोमची मदत न घेता लोकांनी ते स्वतःच्या बळावर परत उभं केलं. आणि त्याच गावच्या मंडळीला पत्रात ऐकवलंय की तुम्ही म्हणता आम्हाला काही कमी नाही, पण तुम्ही दरिद्री, आंधळे आणि उघडे आहात. गावाचा मोठेपणा मंडळीच्या अंगात कसा भिनतो ते एका झटक्यात कळलं. (आपलं पुणं आठवलं नाही असं कोणी म्हणू नये.)

पंडिता रमाबाईंवर त्या सगळ्यात जास्त बोलल्या, पण नेहमीसारखं थोर समाजसेविका वगैरे नाही. १८७८ ला कलकत्त्यात पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळालेली बाई, १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेते, इकडे येऊन विधवांसाठी शारदा सदन ही शाळा चालवते, आणि मग स्वतःच लिहून ठेवते की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. निराधार बायकांसाठीचं त्यांचं केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं. बाईंनी एवढंच विचारलं की एवढी विद्वान बाई आठ वर्षांनी हे कबूल करू शकते, मग तीस-तीस वर्षं चर्चला येणारे आपण शेवटचं कधी केलं? कमिटीवाले काका पाण्याची बाटली शोधायला लागले.

प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं की घरात सगळ्यांपुढे मान खाली घालून राहायचं ती नम्रता का, आम्हाला तर हेच शिकवतात. बाई म्हणाल्या, "जकातदाराने मान देवापुढे घातली, परूशापुढे नाही." मागच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, पुरुषमंडळी जरा उशिरा वाजवायला लागली. मला विचाराल तर इथेच ३५० वसूल, कारण नम्रतेवरचं प्रवचन बहुतेक वेळा ज्यांना आधीच दाबलंय त्यांनाच ऐकवलं जातं.

दुपारी तासभर मौन होतं, हातात एक कागद, रोजच्या प्रार्थनेतली देवाला दिलेली माहिती वगळून नुसतं मागणं लिहा म्हणून. आयडिया भारी, पण शेजारच्या खोलीत भांडी घासत होते आणि स्वयंसेवक दर दहा मिनिटांनी "शांतता राखा" ओरडत होते, त्यांनाच कोणीतरी सांगायला हवं होतं.

जेवण : वरण-भात, बटाट्याची भाजी, चपात्या गरम, आणि लेंट असून जिलबी. मावशीने नाक मुरडून दोन घेतल्या. पार्किंग नाहीच, बसने किंवा रिक्षाने जा. बायबल आपलं छापील न्या, मोबाइल सकाळीच जमा करून घेतात आणि पडद्यावरची वचनं तिसऱ्या रांगेतूनही वाचता येत नाहीत.