फोटोचं पेंटिंग करायला निघाले त्याला आठ महिने झाले: गिंप, जीमिक आणि क्रिटा वापरून आलेला अनुभव

आधीच सांगते, मी चित्रकार नाही. शाळेत एलिमेंटरी पास झाले, इंटरमिजिएटला सी ग्रेड आली आणि ब्रश माळ्यावर गेले ते गेलेच. फोटो मात्र ढिगाने काढते. मागच्या मे महिन्यात आजोळी, म्हणजे वाईजवळच्या गावी, आजी पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती, उजेड एका बाजूने येत होता, मी फोटो काढला आणि डोक्यात आलं की याचं पेंटिंगसारखं करून मामाच्या साठीला फ्रेम द्यावी. एका संध्याकाळचं काम वाटलं होतं. साठी होऊन गेली, फ्रेम आत्ता तयार झालीये.

सामान म्हणाल तर आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, साडेतीन हजारांचा पेन टॅबलेट, आणि गिंप आणि क्रिटा ही दोन फुकटची सॉफ्टवेअर. जीमिक म्हणजे फिल्टरांचं एक भलंमोठं पोतं आहे, फ्रान्समधल्या काँ शहरातल्या ग्रेक नावाच्या लॅबमध्ये २००८ पासून बनतंय, ते गिंपमध्ये वेगळं टाकावं लागतं, क्रिटात माझ्याकडे आपोआप आलं. पहिल्याच रात्री मी त्यातलं ब्रशिफाय, ड्रीम स्मूदिंग, पेंटिंग असं एकेक दाबत बसले. ब्रशिफाय फार वेळ खातं, मोठ्या फोटोवर लावून मी भात लावला, भात झाला, जेवण झालं, तरी निळी पट्टी सरकतेच आहे. पण निकाल बघून उडालेच! लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांचे अंगठे आले, मावशीने विचारलं, "कुणाकडून काढून घेतलंस गं?"

दुसऱ्या दिवशी मोठ्या स्क्रीनवर उघडलं आणि हिरमोड झाला. तांदळाच्या शेवया झाल्या होत्या. खरंच, सुपात शेवया. आणि आजीचा गाल, मागची सारवलेली भिंत, लुगड्याचे काठ, सगळ्यावर एकाच जातीचे फटकारे, म्हणजे एकाच माणसाने एकाच ब्रशने झोपेत मारल्यासारखे. फोनवर दोन इंचात जे पेंटिंग वाटतं ते मोठं केलं की छापील लिनोलियम दिसतं.

हे असं का होतं ते शोधताना एक मजेशीर गोष्ट कळली. अशा पेंटिंगछाप फिल्टरांच्या मागे बऱ्याचदा कुवाहारा नावाचा हिशेब असतो. तो १९७०च्या दशकात जपानमध्ये हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमांमधला खरखरीतपणा घालवायला निघाला, चित्रकलेशी काहीएक संबंध नाही. प्रत्येक पिक्सेलभोवती चार चौकोन घ्यायचे, ज्या चौकोनात रंगांची उलथापालथ सगळ्यात कमी त्याची सरासरी त्या पिक्सेलला द्यायची, बस. त्यामुळे मोठ्या कडा टिकतात आणि बारीक दाणे एकमेकांत विरघळून सपाट ठिपके होतात. गाल काय आणि भिंत काय, त्याला दोन्ही सारखेच.

यातूनच पहिली कामाची टीप. चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोवर फिल्टर लावून काहीच फरक दिसत नसेल तर फिल्टरला शिव्या देऊ नका, त्याचा चौकोन तुमच्या फोटोपुढे मुंगीएवढा आहे. मी फोटो आधी लहान करून दोन हजार पिक्सेल रुंदीचा करते, फिल्टर लावते, मग परत मोठा करते. दुसरं म्हणजे फोन स्वतःहून फोटो इतका शार्प करतो की प्रत्येक कडेला पांढरी रेघ येते, ती उघड्या डोळ्यांना जाणवत नाही पण फिल्टर तिला पकडून जाडजूड करतो आणि आजीच्या डोक्याभोवती देवाच्या कॅलेंडरसारखं वलय येतं. रॉमध्ये, म्हणजे फोनने न सजवलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढा, नाहीतर शार्पनिंग बंद करता आलं तर करा.

फोटोशॉपही बघितलं, मामेभावाच्या मशीनवर दोन रविवार. त्यातला ऑइल पेंट फिल्टर २०१२ च्या सीएस६ मध्ये आला, २०१४ च्या आवृत्तीत गायब केला आणि २०१५ मध्ये परत आणला. लगेच दिसतं, स्लायडर मोजके, शाईन शून्याजवळ ठेवलं तर बरा दिसतो, नाहीतर सगळ्यावर तुपाचा हात फिरवल्यासारखी चकाकी. पण शेवयांचा प्रॉब्लेम तिथेही तोच, आणि दर महिन्याला पैसे भरायची माझी तयारी नाही.

खरा फरक कधी पडला तर मी फिल्टरला चित्र न म्हणता अस्तर म्हणायला लागले तेव्हा. १९९८ साली ॲरन हर्ट्झमन यांनी काँप्युटरने फोटोचं पेंटिंग कसं करावं यावर एक पेपर लिहिला होता, त्याचा गाभा असा की आधी जाड ब्रशने सगळं चित्र भरायचं, मग बारीक ब्रश फक्त तिथेच जिथे चित्र आणि फोटो यांच्यात फरक जास्त राहिलाय. वाचलं आणि आमच्या ड्रॉइंगच्या सरांचा आवाज ऐकू आला, "आधी मोठा ब्रश घे, डोळे बारीक करून बघ." मी तेच हाताने करायला घेतलं, फक्त बारीक ब्रश कुठे चालवायचा ते मी ठरवायचं, फरकाचं गणित नाही.

क्रिटात कलर स्मज नावाचा ब्रश आहे, त्यात ओव्हरले हा पर्याय चालू केला की वरच्या कोऱ्या लेयरवर, म्हणजे फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक थरावर, ब्रश फिरवला तरी तो खालच्या फोटोतला रंग उचलून ओढतो. मूळ फोटोला धक्का नाही, चुकलं तर लेयर उडवायचा. फोटोशॉपमधला मिक्सर ब्रश साधारण हेच करतो. भिंत आणि जमीन मी तीनशे पिक्सेलच्या ब्रशने दहा मिनिटांत संपवली. लुगडं शंभरच्या ब्रशने, पण घडीच्या दिशेने. आणि तीसचा ब्रश फक्त डोळे, चमकी आणि उजव्या हाताच्या बोटांना.

त्या बोटांवर चार संध्याकाळी गेल्या. आजी खडा दिसला की तर्जनीने दाणे बाजूला सारते, अंगठा वर उचललेला असतो, त्या अंगठ्याच्या पेरावर फोटोत नऊ सुरकुत्या आहेत. नऊच्या नऊ काढल्या तर हात करवतीसारखा दिसायला लागला. शेवटी तीन ठेवल्या. आणि तांदूळ! सुपात एकच मळकट पांढरा पट्टा, सावलीच्या बाजूला जरा निळसर, आणि वर सुटे दाणे मोजून चाळीस, तेही बोटांपाशीच. लांबून बघितलं तर सूप भरलेलं दिसतं.

चित्रकार हळदणकरांचं ते दिवा धरलेल्या बाईचं चित्र, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, त्यांच्या मुलीला समोर उभं करून काढलेलं, ते या काळात मी स्क्रीनवर कितीदा बघितलं असेल. आजीच्या पाठीची कड आधी मी कात्रीने कापल्यासारखी ठेवली होती, ते बघून ती अंधारात सोडून दिली. फोनच्या फोटोतली सावली तशीही मेलेली काळी असते, म्हणून सुरुवातीलाच सावल्या थोड्या उचलून कर्व्हजमध्ये, म्हणजे रंग आणि उजेड कमीजास्त करायच्या आलेखात, निळं-जांभळं ढकलून घेतलं.

त्रासही सांगते. टॅबलेटचं प्रेशर आधी चालतच नव्हतं, रेघ एकाच जाडीची, दोन दिवस मी पेनलाच दोष दिला, शेवटी क्रिटाच्या टॅबलेट सेटिंगमध्ये विंटॅबवरून विंडोज इंक (पेनचा दाब काँप्युटरला कळवायच्या या दोन पद्धती) केल्यावर सुरळीत. तुमच्याकडे उलटंही असू शकेल, बदलून बघा. पंधरा-वीस लेयर झाले की आठ जीबी रॅम धापा टाकते, एकदा सेव्ह न करता चहा करायला गेले आणि दीड तासाची भिंत गेली, चूक माझीच.

मधेच एका मैत्रिणीने फोटो कुठल्यातरी एआय ॲपमध्ये टाकून पाच सेकंदांत तैलचित्र करून पाठवलं. दिसायला झकास, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार, पण नाक आजीचं नव्हतं. दुसऱ्याच कुणाच्या तरी घरातली म्हातारी आमच्या पडवीत येऊन बसलेली.

प्रिंटचं राहिलंच. बारा बाय अठरा इंचाला तीनशे डीपीआयने, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, कॅनव्हासला निम्म्यात भागतं, त्याच्या विणीत बरंच खपून जातं. पहिली प्रिंट काळीकुट्ट आली कारण मी स्क्रीन फुल ब्राइट ठेवून काम केलं होतं. दुसरी आणायला गेले तर दुकानातला दादा कौतुकाने म्हणाला, "मॅडम, फोटो जरा ब्लर होता, मी शार्प करून दिलाय." पाठीची सोडलेली कड परत उगवलेली, भिंतीवर पांढऱ्या रेघा. पैसे गेले ते गेले. तिसऱ्या वेळी फाइलचं नावच ठेवलं, 'आजी फायनल ५ कृपया शार्प करू नये'. ती बरोबर आली, फक्त बिलावरही हेच नाव छापून आलं आणि मामाने फ्रेमच्या आधी ते वाचलं.