बाबांची स्पिटफायर विकली : मकरपुऱ्यातल्या बिनपाटीच्या शेडबद्दल

बडोद्यात जुनी गाडी विकायची तर कुणाकडे जायचं, असं गेल्या दोन वर्षांत मला बऱ्याच जणांनी विचारलं. फोनवर प्रत्येकाला अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, एक शेड आहे. शेडला पाटी नाही. आत जुन्या गाड्यांची कामं होतात, आणि मालक (सगळे त्यांना काकाच म्हणतात) गाडी विकूनही देतात. दलाली तीन टक्के, तीही पैसे आपल्या खात्यात आल्यावर. कामाचं बिल वेगळं. आमची गाडी विकायला त्यांना सात महिने लागले.

गाडी होती ट्रायम्फ स्पिटफायर, पहिल्या पिढीची, १९६४ची. ११४७ सीसी इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, पुढे डिस्क ब्रेक. बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं, आणि इंजिनाचं काम चाकावर बसून करता येतं. लहानपणी बाबा तसे बसलेले मी कित्येकदा पाहिलेत. नोकरीनिमित्त ते मद्रासला होते. तिथे १९६९ साली त्यांनी ही गाडी घेतली. तेव्हा परदेशी गाडी बाहेरून आणणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. वकिलातीतल्या लोकांनी आणलेल्या गाड्या पुढे एसटीसी या सरकारी व्यापार महामंडळामार्फत विकल्या जात, त्यातली ही एक, दोन मालकांच्या हातून बाबांकडे आली. पगारदार माणसाने असली गाडी घ्यायची हिंमत केली, कारण हिचा सांगाडा हेराल्ड या ट्रायम्फच्याच साध्या गाडीवरून घेतलेला. दोन्ही गाड्यांची रेखाटणी जोव्हानी मिकेलोत्ती या एकाच माणसाची, आणि हेराल्डची भारतीय आवृत्ती, स्टँडर्ड हेराल्ड, तर १९६१पासून मद्रासलाच बनत होती. त्यामुळे स्टिअरिंगचे, सस्पेन्शनचे बरेच भाग तिथल्या बाजारात मिळायचे.

आठवडाभर हीच गाडी ऑफिसला जायची आणि रेसच्या दिवसांत शोलावरमला. मद्रासच्या उत्तरेला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती, तिथे मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबच्या शर्यती व्हायच्या. बाबा १९७० ते १९७४ पळाले. व्यावसायिक कधीच नव्हते. टायर स्वतःच्या पैशाने, सुट्टी स्वतःच्या हक्काची. बंपर काढून टाकलेले, काचेच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकचं बुटकं पर्स्पेक्स, सीटमागे वेल्ड करून घेतलेली लोखंडी कमान. आपल्या वर्गात दोनदा तिसरे आले. या स्पिटफायरची मागची चाकं हेराल्डसारखीच झुलत्या अ‍ॅक्सलवर आहेत. वेगात वळताना अचानक अ‍ॅक्सेलरेटर सोडला तर गाडीचा मागचा भाग वर उठतो, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडी गिरकी घेते. १९७३ साली ती तशी फिरली आणि डावं मागचं मडगार्ड चेपलं. पुढे मला गाडी शिकवताना बाबा एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगायचे : “वळणात पाय उचलायचा नाही.”

बडोद्याला परतल्यावर गाडी आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्याच्या चौकात राहिली. दीड मीटरपेक्षाही कमी रुंदी, मोठ्या दरवाजातून सहज आत यायची. बाबा २०२१मध्ये गेले, त्याआधीची नऊ वर्षं ती चाललेली नव्हती. आईला तिच्याकडे पाहवत नव्हतं आणि ती विकूही नये असंही वाटत होतं.

शेडकडे जाण्याआधी आम्ही बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याला दाखवली. त्याने पंधरा मिनिटांत साडेचार लाख सांगितले. “रेसची गाडी म्हणजे आपटलेली गाडी,” हे आईच्या समोर म्हणाला. लाल रंग, क्रोमचे बंपर, चामड्याच्या नव्या सीट लावून तो ती लग्नाच्या वरातींना भाड्याने देणार होता. आई उठून आत गेली. मी त्याला चहाही विचारला नाही.

जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, ते पाहायला भाऊ आणि मी गेलो. तिथेच एका वयस्क गृहस्थांशी बोलताना या शेडचा पत्ता मिळाला. प्रत्यक्ष जायला आम्हाला ऑगस्ट उजाडला.

काका पहिल्यांदा वाड्यात आले ते मिस्त्रींना घेऊन. हातात लोहचुंबक, टॉर्च आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर. दोन तास दोघं गाडीखाली होते. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्र्यावर पुट्टी, हे मला त्या दिवशी कळलं. स्पिटफायरच्या चासीला बाजूचे आधार नसतात, दाराखालचे दोन पोकळ पत्रेच गाडीचं वजन पेलतात. ते कुजले की गाडी मधून वाकते. मिस्त्रींनी उजव्या बाजूला स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. “बेन, आ लोखंड नथी, कागळ छे,” एवढंच म्हणाले. डावी बाजू टणक निघाली. काकांनी हे सगळं वहीत लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि त्याखाली माझी सही घेतली. पुढे गिऱ्हाईक आलं की हीच वही त्याच्या हातात द्यायचे. वाईट गोष्टी पहिल्या पानावर.

त्यांनी मग विचारलं, रेसचे कागद काय आहेत? आईने कपाटातून बाबांची वही काढली. प्रत्येक फेरीची वेळ, टायरमधली हवा (पुढे १८, मागे २४), कुठल्या दिवशी कार्ब्युरेटरला कुठला जेट बसवला. तीन फोटो. स्पर्धकाचा कापडी बिल्ला. काकांनी ते आईकडून दोन्ही हातांनी घेतलं, तिथेच बसून फोटोंवरून फोटो काढले आणि मूळ परत दिलं. “काकू, हे विकायचं की ठेवायचं ते शेवटी ठरवा, आत्ता नको,” म्हणाले.

गाडी शेडमध्ये गेल्यावर आठवड्याने काकांचा फोन आला, लगेच या म्हणून. दाराचा वरचा रंग ओल्या पॉलिश पेपरने साफ करताना खालून पांढरं वर्तुळ दिसायला लागलं होतं आणि त्यात २७ हा आकडा. मद्रास सोडताना बाबांनी दारं रंगवून घेतली होती, हे मला माहीतच नव्हतं. मिस्त्रींनी काम तिथेच थांबवलं होतं. पुढचे चार दिवस एक पोरगा फक्त तेवढंच वर्तुळ उघडत बसला. आईला रिक्षाने नेलं. तिने त्या आकड्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

चेपलेलं मडगार्ड मात्र ठीक करून घ्यावं असं मला वाटत होतं. काका नाही म्हणाले. “दोन दिवसांचं काम आहे ताई, मला बिल मिळेल. पण घेणारा विचारेल, ही पळाली याचा पुरावा काय? तेव्हा मी काय दाखवू?” रेसचा फोटो आणि गाडीवरचा तो पोचा शेजारी शेजारी ठेवले की एकाच गाडीचे आहेत हे लगेच कळतं.

खरी अडचण इंजिनाची. शोलावरमला एकदा बेअरिंग उडालं आणि क्रँकला, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याला, चरे पडले. या इंजिनाच्या क्रँकला मेन बेअरिंग तीनच असतात, फार वेळ खूप वेगाने फिरवत ठेवलेलं त्याला सोसत नाही. ११४७चे भाग मिळेनात म्हणून बाबांनी हेराल्डचं ९४८ सीसी इंजिन बसवलं. एकाच घराण्यातलं असल्याने ते बसलंही. पण आरसी बुकावर नंबर जुन्या इंजिनाचा. बोनेटखालचं इंजिन आणि पुस्तकातला नंबर जुळत नाही म्हटल्यावर कुठलाही दुसरा दलाल गप्प बसला असता, किंवा नंबर ठोकून देऊ म्हणाला असता. तसं सुचवणारा एकजण भेटलाही होता. काकांनी विचारलं, जुना ब्लॉक (नंबर असलेलं इंजिनाचं मूळ धड) कुठाय? तो आमच्या जिन्याखाली गोणपाटात, ग्रीस माखून ठेवलेला होता. पन्नास वर्षं. क्रँक घासून घेतला, बेअरिंग इंग्लंडहून आली, एक लाख चाळीस हजार खर्च झाले. मी कुरकुरले. पण त्यामुळेच पुढचं सगळं सरळ झालं.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण इथेच लोक अडकतात. मालक वारला असेल तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. आमची आईच्या नावावर झाली, भावाने आणि मी संमतीपत्रं दिली. पन्नास वर्षांहून जुन्या, बिगरव्यापारी गाड्यांना २०२१पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल नकोत. म्हणून तो ब्लॉक महत्त्वाचा. नव्या नोंदणीला २० हजार, पुनर्नोंदणीला ५ हजार, मुदत दहा वर्षं, आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. विकल्यावर घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने ९० दिवसांत आपापल्या राज्याच्या परिवहन खात्याला कळवायचं. काका दरजीपुऱ्याला आरटीओत माझ्याबरोबर प्रत्येक वेळी आले, पेन्सिलने चासी नंबरचा छाप त्यांनी स्वतः घेतला, आणि या फेऱ्यांचे वेगळे पैसे लावले नाहीत.

आता तक्रार. सप्टेंबरमध्ये मला न विचारता गाडी त्यांनी मागच्या शेडमध्ये हलवली. तिथलं पत्र्याचं छप्पर गळत होतं. मूळचं कापडी हूड, म्हणजे गाडीचं छत, भिजलं, त्यावर बुरशी आली, आणि हे मला सांगितलंही नाही. मीच गेले तेव्हा पाहिलं. मी तिथे रडले, मोठ्याने बोलले. काकांनी चूक कबूल केली आणि नवं हूड स्वतःच्या खर्चाने शिवून दिलं, पण मद्रासचं ते हूड गेलं ते गेलंच. दुसरं, दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत, आणि जाहिरातीचे पहिले फोटो इतके अंधारे की भावाला पुन्हा काढावे लागले. आपली गाडी तिथे ठेवलीत तर ती कुठल्या शेडमध्ये, कुठल्या छपराखाली उभी राहणार, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. माझ्यासारखं नंतर कळायला नको.

गिऱ्हाइकं अकरा आली. काही नुसती बसून फोटो काढून गेली. दोघांनी बोली लावली ती लाल रंगाच्या अटीवर. काकांनी मला फोन लावून विचारलं, मी नाही म्हटलं, त्यांनी एका शब्दानेही आग्रह केला नाही. दलाली तर त्यांचीही बुडत होती. शेवटी मार्चमध्ये पुण्याचे एक गृहस्थ आले. वयाने माझ्याहून लहान. आधी वहीचं पहिलं पान वाचलं, मग गाडीखाली झोपले, उजव्या बाजूचा नवा पत्रा नखाने वाजवून पाहिला. चालवायला घेतली तेव्हा शेजारी मी बसले. जीआयडीसीच्या रिकाम्या रस्त्याला एक काटकोनी वळण आहे. ते त्यांनी पाय न उचलता, एकसारख्या गतीने काढलं. मी काही सांगितलं नव्हतं.

११ लाख २५ हजारांना गेली. बाबांच्या वहीची आईने झेरॉक्स दिली आणि मूळ ठेवून घेतली. बिल्ला मात्र तिने स्वतःच्या हाताने डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. ९४८चं इंजिन अजून शेडमध्येच आहे, हेराल्डवाल्या कुणाला हवं असेल तर काकांकडे विचारा, आम्हाला त्याचे पैसे नकोत.

शेडवर जायचं तर चारनंतर जा. आरसी बुक मूळ न्या, झेरॉक्स ते बघत नाहीत. आणि जिन्याखाली, माळ्यावर, गोणपाटात काही गुंडाळून ठेवलेलं असेल तर तेही बरोबर घेऊन जा.