घाट उतरताना गाडी कोण धरतं? एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि डीसीटी

ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा ट्रक ड्रायव्हरांचा जुना नियम. ऑटोमॅटिक गाडी घेताना नेमका तोच विसरला जातो, कारण गिअर कोणता पडलाय हे बघायची गरजच उरत नाही. शोरूममध्ये बोलणं होतं मायलेजचं, सनरूफचं, फार तर ‘घाट चढेल ना?’ एवढंच. चढते हो, आजची कुठलीही ऑटोमॅटिक आंबा घाट चढते. कोकणात राहणाऱ्यानं किंवा गणपती-शिमग्याला गावी येणाऱ्यानं विचारायला हवं ते वेगळं: ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ही गाडी धरते, की सोडून देते?

आधी थोडा हिशेब. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच. तिथून सावंतवाडीकडे येताना साधारण ६०० मीटर उतरतो असं धरू. माणसांसकट १२०० किलोची गाडी असेल, तर ही जवळजवळ २ युनिट विजेइतकी ऊर्जा होते आणि ती कुठंतरी जिरावी लागते. थोडी हवा खाते. बाकीची एकतर ब्रेकमध्ये जाते, नाहीतर इंजिनात. ब्रेकमध्ये गेली की पॅड तापतात आणि त्यांच्यामागोमाग ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओल धरलेल्याला १४० चीच हमी असते. आपल्याकडच्या दमट हवेत ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं.

इंजिनात जिरलेली ऊर्जा मात्र फुकटात जिरते. गाडी गिअरमध्ये आहे, पाय वर आहे आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) पुरेसा आहे, अशा वेळी आजची इंजिनं इंधन पूर्ण बंद करतात. चाकंच इंजिनाला फिरवत राहतात आणि त्या ओझ्याने गाडी आवरली जाते; यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. ‘उतारावर न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं’ हा सल्ला कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. आता न्यूट्रलमध्येच आयडलिंगसाठी पेट्रोल जळतं.

एक खोड वरच्या मथळ्यातल्या चारही प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सांत आहे. ‘डी’मध्ये (नेहमीच्या ‘ड्राइव्ह’ स्थितीत) पाय काढला आणि उताराने वेग वाढू लागला, की कॉम्प्युटरला वाटतं, ड्रायव्हर निवांत आहे, वरचा गिअर टाकू. म्हणजे जिथं खालचा गिअर हवा तिथं वरचा पडतो. काही गिअरबॉक्स उतार ओळखतात आणि ब्रेक दाबून ठेवल्यावर स्वतःहून गिअर उतरवतात, पण त्या भरवशावर कुंभार्ली उतरू नये. गिअर आपल्याला धरून ठेवता येतो का, हे पाहिल्याशिवाय पुढची बोलणी नकोत.

आता स्वस्तापासून सुरुवात. एएमटी म्हणजे मूळची मॅन्युअल गिअरबॉक्सच; क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्र. भारतात ती २०१४ मध्ये मारुती सेलेरिओमधून आली आणि मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नास हजार जास्त मोजून मिळते, म्हणून छोट्या गाड्यांत तीच दिसते. उतारावर ती लोक समजतात त्यापेक्षा बरी आहे. क्लच जोडलेला असला की इंजिन आणि चाकं यांचा थेट संबंध असतो, मॅन्युअलइतकाच. दांडी ‘एम’ला, म्हणजे हाताने गिअर बदलायच्या स्थितीत, घेतली, दुसरा टाकला, की गाडी घाटात छान धरते.

एएमटीचं दुखणं गिअर बदलतानाचं. तिसऱ्यातून दुसरा टाकताना क्लच सुटतो, गिअर बदलतो, क्लच पुन्हा लागतो. मधल्या क्षणी गाडी मोकळी असते. सपाटीवर हा नुसता झोका वाटतो. उतारावर त्याच क्षणी गाडी पुढे ढकलल्यासारखी होते, आणि नवख्या माणसाचा पाय दचकून ब्रेकवर जातो. उपाय सोपा आहे: वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना गिअर उतरवा, वळणात नाही. गाडीला आपोआप ठरवू दिलंत, तर बदल नेमका वळणाच्या पोटात होण्याची शक्यता जास्त.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. एका बाजूचा पंखा तेल फिरवतो, ते तेल दुसऱ्या बाजूचा पंखा फिरवतं. वेग धरला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो आणि तेव्हा इंजिन ब्रेकिंग चांगलं मिळतं. वेग कमी झाला की लॉक सुटतो, मध्ये पुन्हा तेल येतं, आणि पकड सैल होते. सिग्नलला थांबत येताना तिसरा, दुसरा, पहिला असे गिअर उतरत असतात. त्यातला शेवटचा हलका धक्का कधी जाणवतो, कधी नाही. आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. बऱ्याच कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये ‘डी’मधला पहिला गिअर एकदिशा क्लचवर चालतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. इंजिन चाकांना ओढतं, पण चाकं इंजिनाला फिरवू शकत नाहीत. म्हणजे तीव्र उतारावर ‘डी’मध्ये पहिला पडलाय असं दिसलं, तरी गाडी धरत नाही. ‘एल’ (‘लो’, खालचा गिअर) टाकला किंवा हाताने ‘एम १’ घेतला, की वेगळा क्लच लागतो आणि फरक पायाला कळतो.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी: २०२२ पूर्वीच्या पेट्रोल ब्रेझा आणि अर्टिगामध्ये ४ गिअरची ऑटोमॅटिक होती, त्या वर्षी ६ गिअरची आली, पॅडल शिफ्टरसकट (स्टिअरिंगमागच्या, बोटाने गिअर बदलायच्या पट्ट्या). जुनी वाईट नाही, मात्र सर्वांत वरचा गिअर रोखणारं ‘ओव्हरड्राइव्ह ऑफ’चं बटण, ‘२’ आणि ‘एल’ वापरायची सवय हवी. आधीच्या मालकाने ते बटण कधी दाबलंच नसेल, तर त्याच्या ब्रेक पॅडची अवस्था आधी बघा.

सीव्हीटीत ठरावीक गिअर नाहीत. दोन पुलींमधला स्टीलचा पट्टा सरकत राहतो, त्यामुळे गाडी मंदावताना धक्का शून्य. मुंबईच्या रस्त्यावर यासारखं सुख नाही. घाटात ‘डी’मध्ये मात्र चौघांत सर्वांत आधी हीच हात वर करते: पाय काढला की आरपीएम तळाला जातो आणि गाडी वाहत सुटते. ‘एस’ (‘स्पोर्ट’) किंवा ‘एल’ घेतला की आरपीएम वर चढतो, आवाज येतो, आणि मग ती धरते. तो आवाज ऐकून घाबरून पुन्हा ‘डी’ घेऊ नका; तो इंजिनाचा काम करण्याचा आवाज आहे. होंडा सिटीसारख्या सीव्हीटीत पॅडलने कृत्रिम टप्पे मिळतात, ते असलेलं मॉडेल घ्यावं. बलेनो बघत असाल तर वर्ष तपासा: आधी सीव्हीटी होती, २०२२ पासून एएमटी आहे. नाव एकच, उतारावरचा स्वभाव निराळा.

डीसीटीत दोन क्लच. एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. पुढचा गिअर आधीच तयार असल्यामुळे बदलताना गाडी मोकळी सुटत नाही. नुसता उताराचा विचार केला तर हाच पहिला नंबर. पॅडलने तिसरा, दुसरा, आणि प्रत्येक वेळी इंजिन स्वतः आरपीएम जुळवून घेतं. अडचण पुढे, अगदी सावकाश चालताना येते. इथं तेलाची मध्यस्थी नाही, म्हणून रांगताना क्लच घासत राहतो. गणपतीच्या आदल्या दिवशी चढावर रांगेत दोन-दोन फूट पुढे सरकत राहिलात, तर क्लच तापतो. कोरड्या क्लचचा जास्त, तेलात बुडालेल्याचा कमी. पुढची गाडी दोन-तीन गाड्यांइतकी सरकू द्या, मग एकदम जा. दुसरी सवय अशी, की थांबता थांबता तुम्ही विचार बदललात आणि पुन्हा पाय दिलात, तर पहिला की दुसरा या घोळात ती क्षणभर अडते आणि मग उसळते. गोल चौकात हे त्रासदायक आहे.

ताशी ८-१० किलोमीटरच्या खाली सगळ्यांचंच इंजिन ब्रेकिंग जवळपास संपतं. एएमटी आणि डीसीटी क्लच सोडतात, कारण नाहीतर इंजिन बंद पडेल. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर गाडी चढवताना किंवा वाडीत उतरणाऱ्या तीव्र रस्त्यावर काम ब्रेकचंच आहे, आणि एवढ्या कमी वेगात ब्रेक तापायची भीती नाही. इथं कन्व्हर्टर सरस: ब्रेकवरचा पाय हलका केला की गाडी इंच-इंच सरकते. ओल्या रॅम्पवर एएमटी चढवताना हँडब्रेक वापरा, ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, क्लच प्लेट जळते. बोटीवर गाडी लावल्यावरही हँडब्रेक हवाच. बहुतेक एएमटीत ‘पी’, म्हणजे गाडी जागेवर अडकवणारा ‘पार्क’, नसतो.

उतारावर वेग आपोआप आवरणाऱ्या हिल डिसेंट कंट्रोलला भुलू नका. ते ब्रेकच दाबतं, चिखलाच्या छोट्या उतारासाठी ठीक. स्ट्राँग हायब्रिडची गंमत वेगळी. तिच्यात इंजिनासोबत विजेची मोटरही असते आणि उतारावर ती मोटर बॅटरी भरते: हायराइडर किंवा ग्रँड विटाराची बॅटरी ०.७६ युनिटची, आणि आंबोलीचा हिशेब वर २ युनिटचा झालाय. बॅटरी घाटातच भरू शकते, मग ‘बी’मध्ये (दांडीच्या उतारासाठीच्या स्थितीत) इंजिन फिरवून ऊर्जा जिरवली जाते. आवाज वाढला तर बिघाड समजू नका.

मग घ्यायची कुठली? रत्नागिरी-चिपळूणात रोज वापर, आठवड्याला घाट, घरात दोन-तीन माणसं गाडी चालवणारी, त्यातले एक वडीलधारे: पैसे असतील तर टॉर्क कन्व्हर्टर. त्याला लाखभर जास्त पडतात आणि ते वसूल होतात. बजेट आखडतं असेल तर एएमटी बिनधास्त घ्या, पण ‘एम’ वापरायला घरातल्या प्रत्येकाला शिकवा. ठाण्या-डोंबिवलीत वर्षभर आणि गावी दोनदा येणाऱ्याला सीव्हीटी. डीसीटी त्यालाच, ज्याला गाडी चालवणं आवडतं आणि चढावरच्या रांगेत जो धीर धरतो.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. चिपळूणात असाल तर परशुराम घाट, रत्नागिरीत निवळी, सावंतवाडीत आंबोलीचा पायथा. मागे कुणी नाही बघून उतारावर ४० च्या वेगात ‘डी’मध्ये पाय काढा, ब्रेक न दाबता वेग किती वाढतो ते पाहा. मग तोच उतार हाताने दुसरा गिअर टाकून. नंतर तिसऱ्यातून दुसरा घेताना गाडी किती वेळ मोकळी सुटते ते बघा. शेवटी चढावर थांबून ब्रेक सोडा आणि ती मागे किती येते ते तपासा. विक्रेता ‘साहेब, एवढ्या लांब नाही जाता येत’ म्हणाला, तर दुसऱ्या शोरूमला जा.