गेमची तारीख कोणाच्या हातात? पब्लिशर घ्यावा की स्वतः काढावा

व्हिडिओ गेम बराचसा तयार आहे, पैसे संपत आलेत आणि पब्लिशरचा, म्हणजे पैसे लावून गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीचा, करार समोर पडलाय. अशा वेळी बहुतेक जण आधी कमाईतला वाटा बघतात. मी म्हणेन, आधी रिलीजच्या तारखेचं कलम वाचा.

पब्लिशर पैसे देतो ते माइलस्टोनप्रमाणे, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्यांनुसार. ठरलेला बिल्ड (गेमची तोवरची चालती आवृत्ती) दिला की हप्ता. काम लांबलं की हप्ताही लांबतो. त्यात त्याला नाताळचा हंगाम आणि आर्थिक वर्षाचा हिशेब सांभाळायचा असतो. ऑब्सिडियन स्टुडिओने लुकासआर्ट्स या पब्लिशरसाठी केलेला ‘स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’ नाताळ गाठून डिसेंबर २००४ मध्ये एक्सबॉक्स या कन्सोलवर (गेम खेळायच्या यंत्रावर) आला, आणि त्याचा शेवट अर्धवट राहिला. एचके रोबोंच्या कारखान्याचा अख्खा भाग गाळला गेला, पण त्याचे रेकॉर्ड केलेले संवाद गेमच्या फायलींत तसेच पडून होते. चाहत्यांनी ते शोधून, जुळवून मॉड (गेमला बाहेरून जोडायची भर) बनवला. ज्यांनी तो भाग लिहिला त्यांना तो पुरा करता आला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण पब्लिशर दर वेळी घाईच करतो असं नाही. कधी तो तयार गेमही थांबवतो. नेक्रोसॉफ्ट स्टुडिओचा ‘डेमनस्कूल’ ३ सप्टेंबर २०२५ ला येणार होता. गाजलेल्या ‘हॉलो नाइट’चा पुढचा गेम ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ ४ सप्टेंबरला येतोय हे जेमतेम दोन आठवडे आधी कळलं आणि ‘डेमनस्कूल’ नोव्हेंबरमध्ये गेला. निर्णय आमचा नव्हता, पण कारण समजतं, असं स्टुडिओने उघडपणे सांगितलं. कारण पटण्यासारखंच होतं. तरी मधले अडीच महिने काढायचे होतेच.

स्वतः काढलात तर स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात १०० डॉलर भरायचे, ‘लवकरच येत आहे’ असं पान किमान दोन आठवडे ठेवायचं. बाकी तारीख तुमची. ‘सिल्कसाँग’ टीम चेरी या स्टुडिओने असाच स्वतः काढला, २०१९ मध्ये जाहीर करून साडेसहा वर्षांनी. मात्र पहिल्या ‘हॉलो नाइट’च्या दीड कोटी प्रती खपल्या होत्या, म्हणून ते थांबू शकले. नुसतं स्वतःचं पब्लिशिंग असून भागत नाही. सीडी प्रोजेक्ट या गेम कंपनीचं ते होतंच, पण कंपनी शेअर बाजारात, म्हणजे गुंतवणूकदारांचा दबाव. ‘सायबरपंक २०७७’ तीनदा पुढे ढकलून १० डिसेंबर २०२० ला काढला, तोही चुकांनी भरलेला, आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या प्लेस्टेशनच्या स्टोअरवरून उतरवला.

कन्सोल कंपनीशी करार असेल तर तारखेत तिसराही भागीदार येतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा ‘राजी’ ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर आला. पीसी आणि इतर कन्सोलवर ऑक्टोबरमध्ये.

माझं मत सांगतो. सहा महिने उशीर झाला तरी पगार निघतील एवढी शिल्लक असेल, तर स्वतः काढा. नसेल तर पब्लिशर घ्या, पण दोन गोष्टी लिहून घ्या: दोघांच्या लेखी संमतीशिवाय तारीख हलणार नाही, आणि पब्लिशरने ती पुढे ढकलली तर मधल्या महिन्यांचा खर्च तोच देईल. दुसऱ्या कलमावर घासाघीस झालीच, तर वाट्यातले एक-दोन टक्के सोडा, कलम सोडू नका.