हीरोक्लिक्स की क्रायसिस प्रोटोकॉल: पहिली खरेदी करण्याआधी

ऑफिसातला एक मित्र गेल्या महिन्यात घरी आला, कपाटातली हल्क-स्पायडरमॅन मंडळी बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मलाही हे सुरू करायचंय. काय घेऊ सांग." चहासोबत उरकेल असं वाटलेलं उत्तर रात्री साडेनऊपर्यंत लांबलं. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो. हा प्रश्न घेऊन बसलेले आणखी बरेच जण असणार, आणि चुकीच्या खोक्यात पाच-दहा हजार रुपये अडकले की उत्साहच मावळतो.

सुपरहीरोंची मिनिएचर, म्हणजे छोट्या मूर्ती, टेबलावर मांडून खेळायचे खेळ तसे बरेच आहेत. नाइट मॉडेल्स या स्पॅनिश कंपनीचा बॅटमॅनवरचा खेळ आहे, त्याचे चाहतेही कट्टर. पण नवख्या माणसाची निवड बहुतेक वेळा दोघांपाशी येऊन अडते: विझकिड्सचा हीरोक्लिक्स आणि अ‍ॅटॉमिक मास गेम्सचा मार्व्हल क्रायसिस प्रोटोकॉल. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही नियमाने खेळतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. हातात ब्रश धरून दोन तास मान खाली घालून बसण्यात तुम्हाला सुख वाटत असेल तर क्रायसिस प्रोटोकॉल घ्या. त्याबद्दल जराही शंका असेल तर हीरोक्लिक्सने सुरुवात करा.

हीरोक्लिक्स २००२ साली आला. 'इन्फिनिटी चॅलेंज' हा मार्व्हलचा, म्हणजे स्पायडरमॅनवाल्या कॉमिक्स कंपनीचा, पहिला संच आणि त्याच वर्षी बॅटमॅनवाल्या डीसीचा 'हायपरटाइम'. म्हणजे बॅटमॅन विरुद्ध स्पायडरमॅन हे शाळेतलं भांडण इथे खरोखर टेबलावर मिटवता येतं. क्रायसिस प्रोटोकॉलमध्ये फक्त मार्व्हल. डीसीच्या पात्रांवर जीव असेल तर पुढचं निम्मं वाचायचीही गरज नाही, निवड झालेली आहे.

हीरोक्लिक्सचा सगळा जीव त्याच्या तळात आहे. फिगर रंगवलेलीच येते. पायाखालच्या गोल तळात एक चकती, आणि तळाच्या कडेला छोटी खिडकी. खिडकीतून चार आकडे दिसतात: चाल, हल्ला, बचाव आणि इजा. मार बसला की तळ एका हाताने धरायचा आणि दुसऱ्या हाताने खालची चकती फिरवायची. कट्. एक इजा, एक क्लिक. खिडकीतले आकडे बदलतात, त्यांच्यामागचे रंगीत चौकोन बदलतात, आणि त्या रंगांवरून त्या क्षणी त्या पात्राकडे कोणत्या शक्ती आहेत ते ठरतं. कागद नाही, पेन्सिल नाही. जखमी झालेला माणूस कसा लढतो हे त्या चकतीवरच छापलेलं असतं. हल्कच्या कित्येक फिगरमध्ये दोन-तीन क्लिक बसल्यावर आकडे उलटे वाढतात, कारण हल्क मार खाल्ल्यावर चिडतो. नियम आणि पात्र इतकं एकजीव झालेलं मी दुसऱ्या खेळात पाहिलेलं नाही.

एका क्लिकने काय होतं ते बघा. दोन साधे फासे टाकायचे, बेरजेत स्वतःचा हल्ल्याचा आकडा मिळवायचा, आणि समोरच्याचा बचाव गाठायचा. तुमचा हल्ला १०, त्याचा बचाव १७; म्हणजे फाशांवर ७ किंवा जास्त पाहिजे. ३६ शक्यतांपैकी २१ तुमच्या बाजूच्या. आता तुम्हाला एक फटका बसला, हल्ला १० चा ९ झाला. आता ८ पाहिजे, आणि शक्यता उरल्या १५. निम्म्याच्या वर होतात ते निम्म्याच्या खाली आलात. म्हणून पहिला फटका कोण मारतो याला या खेळात फार महत्त्व आहे. चांगला खेळाडू अर्धा वेळ नकाशावरचे अंतराचे चौकोन मोजत असतो.

शिकायला अवघड काय, तर रंगांचा तक्ता. समोरच्याची एखादी शक्ती बंद पाडणारी 'आउटविट', एखादा आकडा एकाने वरखाली करणारी 'परप्लेक्स', फासे पुन्हा टाकायला लावणारी 'प्रॉबॅबिलिटी कंट्रोल' अशा डझनावारी शक्ती त्यात आहेत. माझी भाची अकरा वर्षांची. पहिले तीन डाव आम्ही रंगांकडे बघितलंच नाही, नुसते आकडे. चौथ्या डावाला तिनेच विचारलं, "मामा, हा हिरवा कशाचा?" त्यानंतर तक्ता तिने माझ्या आधी पाठ केला. मुलांना शिकवायचं असेल तर हाच क्रम ठेवा.

खरेदीबाबत मात्र हीरोक्लिक्स धोकादायक आहे. नवे संच बूस्टरमध्ये येतात. बंद खोकं, आत हल्ली साधारण पाच फिगर, आणि कोणत्या ते उघडल्याशिवाय कळत नाही. फिगरच्या दुर्मीळतेचे दर्जे असतात: कॉमन, अनकॉमन, रेअर, सुपर रेअर आणि सगळ्यात दुर्मीळ 'चेस'. एखाद्या चेससाठी खोक्यामागून खोकी फोडणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण हीच फिगर कुणीतरी सुटी विकत असतो. पहिल्या वर्षी बूस्टर घेऊ नका, असं मी अगदी आग्रहाने सांगतो. नकाशे, फासे आणि पाच-सहा फिगर असलेला एक स्टार्टर संच घ्या आणि मग आवडीच्या पात्रांच्या सुट्या फिगर घ्या. रूढ डाव ३०० पॉइंटांचा असतो, म्हणजे टीममधल्या पात्रांच्या पॉइंटांची बेरीज तेवढ्यात बसवायची; त्यात तीन-चार पात्रं सहज मावतात. स्पर्धांच्या 'मॉडर्न' प्रकारात जुने संच काही काळाने बाद होतात. त्यामुळे ते स्वस्तात सुटतात, आणि घरी खेळायला त्यांना कुणाची आडकाठी नाही.

आता क्रायसिस प्रोटोकॉल. २०१९ साली आलेला, असमोडी समूहातला. त्या पहिल्या मूळ संचात दहा पात्रं होती: कॅप्टन अमेरिका, आयर्न मॅन, ब्लॅक विडो, कॅप्टन मार्व्हल, स्पायडरमॅन आणि समोर रेड स्कल, अल्ट्रॉन, बॅरन झेमो, क्रॉसबोन्स, डॉक्टर ऑक्टोपस. अमेरिकेत त्याची किंमत तेव्हा शंभर डॉलरच्या घरात होती. इथे लपवाछपवी नाही, खोक्यावर जे पात्र आहे तेच आत. पण आत पात्र नसतं, पात्राचे तुकडे असतात. करड्या प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकवलेले हात, पाय, डोकी, कोसळलेल्या भिंतीचे तुकडे. ते निपरने (बारीक पकडीने) कापायचे, कडा तासायच्या, चिकटवायचे, प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारायचा आणि मग रंगवायचे.

ज्यांनी लहानपणी दिवाळीत किल्ला केला, मातीची चित्रं कुठे उभी करायची यावर भावंडांशी भांडण केलं, त्यांना हे काम आवडेल अशी माझी खात्री आहे. स्पायडरमॅनच्या लाल कपड्यावर जाळ्याच्या रेषा ओढायला मला तीन संध्याकाळी लागल्या. आधी पातळ काळा रंग सोडला, तो खाचांमध्ये उतरला, मग वरच्या उंचवट्यांवर पुन्हा लाल. तिसऱ्या दिवशी तो टेबलावर ठेवला तेव्हा तो माझा स्पायडरमॅन होता, जगात तसा दुसरा नाही. हा आनंद हीरोक्लिक्स देऊ शकत नाही.

पण पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्प्रे प्रायमरला दमट हवा चालत नाही. मी भर जुलैत गॅलरीत उभं राहून रेड स्कल आणि क्रॉसबोन्सवर प्रायमर मारला. वाळल्यावर हात फिरवला तर बारीक वाळूसारखा खरखरीत थर. चेहऱ्याचे सगळे बारकावे त्याखाली गेले आणि दोन्ही पुन्हा घासून काढावे लागले. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर वापरा, किंवा जोडणी पावसाळ्यात करून रंगकाम दिवाळीनंतर काढा.

खेळ म्हणून दोघांचा स्वभाव फार वेगळा आहे. हीरोक्लिक्समध्ये साधारणपणे समोरची टीम गारद करायची असते. क्रायसिस प्रोटोकॉलमध्ये गुण मिळवायचे: ठरावीक जागा ताब्यात ठेवायच्या, ठरावीक वस्तू उचलून पळायचं. डाव जास्तीत जास्त सहा फेऱ्यांचा. १६ गुण आधी गाठले तर ती फेरी पूर्ण झाल्यावर संपतो. एक पात्र तुमचं, मग एक समोरच्याचं, अशा पाळ्या, त्यामुळे कुणी ताटकळत बसत नाही. चौकोन नसतात, अंतर पट्ट्यांनी मोजायचं. आणि मार खाल्ला की पॉवर मिळते. ही कल्पना मला फार आवडते. तुम्ही ज्याला झोडपलंत त्याच्याच हातात तुम्ही सूड घेण्याचं सामान देता. मग तो ती पॉवर खर्चून रस्त्यावरची गाडी उचलतो आणि तुमच्या अंगावर फेकतो. गाडी, दिव्याचा खांब, आणि पुरेसं बळ असेल तर आख्खी इमारतही. माझ्या भाचीला या एका गोष्टीपुढे बाकीचे सगळे नियम क्षम्य वाटतात.

फासेही वेगळे, आठ बाजूंचे, चिन्हांचे. हल्ल्याला आठपैकी चार बाजू उपयोगी, बचावाला तीन. त्यात 'क्रिटिकल' हे चिन्ह पडलं की आणखी एक फासा मिळतो. पाच फाशांचा हल्ला आणि तीन फाशांचा बचाव असेल तर सरासरीने दीडच्या थोडी वर इजा होते, पण एखाद्या वेळी पाचही लागतात आणि टेबलाभोवती आरडाओरडा होतो. बहुतेक पात्रांच्या कार्डाला दोन बाजू, एक धडधाकट आणि एक जखमी. चकतीसारखा हळूहळू उतार नाही. इजेचे ठोकळे साठत जातात आणि मग कार्ड उलटतं.

जागेचा हिशोबही करा. क्रायसिस प्रोटोकॉलला तीन फूट बाय तीन फुटांचं टेबल लागतं, त्यावर इमारती लागतात, आणि त्या ठेवायला माळ्यावर जागा लागते. हीरोक्लिक्सचा नकाशा म्हणजे दोन बाय तीन फुटांचा कागद. दिवाणावर अंथरा, जमिनीवर अंथरा, घडी करून ठेवा. माझ्या सत्तरएक फिगर खण असलेल्या एका प्लॅस्टिकच्या डब्यात मावतात आणि सुट्टीत तो डबा एसटीतूनही गावी गेलेला आहे. रंगवलेली मिनिएचर अशी नेण्याचं धाडस मी करणार नाही.

सोबती मिळणं हा आपल्याकडचा खरा प्रश्न. अमेरिकेत शनिवारी गेम स्टोअरमध्ये गेलं की समोर बसणारा भेटतो. आपल्याला तो तयार करावा लागतो. म्हणून तुमची आणि समोरच्याची, दोन्ही टीम तुमच्याकडेच हव्यात. हीरोक्लिक्समध्ये ते आठ फिगरवर भागतं आणि समोरच्याला तासाभरात एक पूर्ण डाव खेळून बघता येतो. क्रायसिस प्रोटोकॉलचा मूळ संच दोघांना पुरतो खरा, पण त्या संध्याकाळपर्यंत दहा पात्रं जोडून तयार पाहिजेत, आणि पहिला डाव दोन तासांच्या वर जातो.

खेळ बंद पडला तर काय, असंही मित्राने विचारलं. हीरोक्लिक्सवर ती वेळ येऊन गेली आहे. २००८ च्या अखेरीस तेव्हाची मालक कंपनी टॉप्स हिने विझकिड्स बंद केली, आणि २००९ मध्ये नेका या कंपनीने ती विकत घेऊन खेळ पुन्हा सुरू केला. मधल्या काळात लोक खेळतच होते, कारण आकडे चकतीवर होते.

माझ्या मित्राने शेवटी सुट्या, वापरलेल्या आठ फिगर घ्यायचं ठरवलं. अशा फिगर घेताना दोन गोष्टी पाहा. एक, चकती पूर्ण एक फेरी फिरवून बघा. कुठे अडकत असेल तर जोर लावू नका, ती फिगर परत ठेवा. मला एकाने अशी अडकलेली फिगर कुरिअरने पाठवली होती आणि फिरवताना तळच सुटून हातात आला. दोन, तलवार किंवा भाला वाकलेला असेल तर तेवढ्यावरून नाकारू नका, उलट किंमत कमी करून मागा. हे प्लॅस्टिक मऊ असतं. वाटीत कडकडीत पाणी घ्या, वाकलेला भाग अर्धा मिनिट त्यात धरा, बाहेर काढून बोटांनी सरळ करा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवा. चकतीत मात्र पाणी जाऊ देऊ नका.