रिपोर्ट खरा, गाडी बुडालेली

कोल्हापूर-सांगलीकडे जुनी फोर बाय फोर बघत फिरत असाल, तर आधी हे वाचा आणि मग टोकन द्या. मला विकलेल्या गाडीचा एकही कागद बनावट नव्हता. आरसी खरी, चासी नंबर जुळणारा, तपासणीचा रिपोर्टसुद्धा खराच. तरी गाडी महापुरात बुडालेली निघाली.

आमची शेती गगनबावड्याच्या बाजूला. पावसाळ्यात शेवटचा टप्पा साध्या गाडीला जमत नाही, म्हणून डिझेलची जुनी थार शोधत होतो. २०२३ च्या दिवाळीनंतर महामार्गालगतच्या एका ऑटो कन्सल्टंटकडे, म्हणजे जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे, २०१६ ची मिळाली. एमएच ०९ पासिंग, एकच मालक, रनिंग चौसष्ट हजार. पावणेसात लाखांना सौदा ठरला.

गाडी कुठे तपासली आहे का, हे मी विचारलंच होतं. त्यावर गडी हसला. "पाव्हणं, पासिंग २०३१ पर्यंत हाय. आनि ह्यो बघा रिपोर्ट, कंपनीच्या मानसांनी खालनं-वरनं सगळी बघितल्या. हात लावायचं काम न्हाई."

त्याचं पहिलं वाक्य अगदी खरं होतं आणि त्याला काडीचाही अर्थ नव्हता. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीला नवी असतानाच पंधरा वर्षांची नोंदणी मिळते. मधल्या काळात आरटीओ तिला तपासणीला बोलावत नाही. पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेसला उभं राहावं लागतं, खासगी गाडीला नाही. म्हणजे '२०३१ पर्यंत पासिंग' यातून एवढंच कळतं, की गाडी २०१६ मध्ये नवी होती. मधे ती उलटली, जळाली की पाण्यात बसली, ते त्यात कुठेच येत नाही.

रिपोर्टची गंमत वेगळी. जुन्या गाड्या तपासून देणाऱ्या एका कंपनीचा तो होता. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन, सगळ्यापुढे हिरवी खूण. चासी नंबर जुळत होता. फोटोतलं किलोमीटर एकसष्ट हजार, गाडीवर चौसष्ट, तेही पटण्यासारखं. माझ्या हातात दिली ती झेरॉक्स, आणि तिची वरची बोटभर पट्टी आलेली नव्हती. झेरॉक्सला असं होतंच, असं कुणालाही वाटेल. तारीख त्या पट्टीत होती.

हिवाळा-उन्हाळा गाडी छान चालली. जूनमध्ये शेताच्या चढाला फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकलं आणि पुढच्या बाजूने घरघर सुरू झाली. लिव्हर परत काढताना दोन्ही हात लावावे लागले. उचगावच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने काही न बोलता पुढच्या डिफरन्शियलचा, म्हणजे पुढच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचा, ड्रेन बोल्ट काढला. तेल कसलं, टपरीवरचा चहा खाली आला. गिअर ऑइलमध्ये पाणी मिसळलं की असा रंग येतो. नुसत्या ओढ्यातून गाडी काढली तरी थोडं पाणी जाऊ शकतं, म्हणून मिस्त्रीने तेवढ्यावर शिक्का मारला नाही. त्याने ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायला लावला. नेहमी आत गुंडाळलेला राहतो त्या भागावर आडवी मातकट रेघ होती. सीट सोडवली तर रेल गंजलेल्या, नव्या कोऱ्या कार्पेटखाली वाळलेला गाळ, आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या पिना हिरव्या पडलेल्या.

इंजिनचं आणि गिअरबॉक्सचं तेल विकणाऱ्याने बदललं होतं. पुढच्या डिफरन्शियलला मात्र कुणी हात लावला नव्हता. कारण उघड आहे: टेस्ट ड्राइव्ह डांबरी रस्त्यावर होते आणि तिथे फोर बाय फोर टाकून बघायचं कुणाच्या मनात येत नाही. त्यामुळे या गाड्यांत निम्मी यंत्रणा न तपासताच विकली जाते.

रिपोर्टच्या खाली नंबर होता. तपासणी कंपनीला फोन केल्यावर तारीख कळली: जून २०२१. पूर आला जुलैत. २०१९ काय नि २०२१ काय, राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी असताना पंचगंगेने दोन्ही वर्षी पन्नाशी ओलांडली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. त्या पाण्यात किती गाड्या उभ्या होत्या, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

मग गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर दिला. गाडी नावावर झालेली असल्याने त्यांनी जुनी नोंद वाचून दाखवली: ऑगस्ट २०२१, टो करून आणली, पाणी डॅशबोर्डपर्यंत, एस्टिमेट दिलं, काम केलं नाही. मूळ मालक भला माणूस. फोनवर सरळ म्हणाला, "मी विमा कंपनीकडनं पैसे घेऊन फॉर्मवर सह्या करून मोकळा झालो." दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते, आणि सांगाडा भंगार म्हणून लिलावात जातो. घेणारा तो आपल्या नावावर करतच नाही, मालकी बदलाचे सही केलेले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म खिशात ठेवतो. 'एकच मालक' तो असा.

कन्सल्टंटकडे गेलो तर आवाज न चढवता म्हणाला, "रिपोर्ट खोटा हाय काय? सांगा की." शिवाय मी मधला माणूस, पावती मालकाच्या नावाची, हे वर.

आता कामाचं सांगतो. विकणारा देईल तो रिपोर्ट फक्त वाचायचा, धरायचा नाही. त्यावरचा नंबर घेऊन ज्याने तपासणी केली त्यालाच तारीख विचारायची. सर्व्हिसची नोंद मूळ मालकाला सोबत घेऊन किंवा त्याच्या मोबाईलवरून काढायची; 'मालक पुण्याला असतोय' असं उत्तर आलं तर आपणही गाडी काढून घरी यायचं. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं आणि ट्रान्स्फर केसचं (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा) थोडं थोडं तेल सौद्याआधी काढून बघायचं. आपला मिस्त्री पाच-दहा मिनिटांत करतो. त्याला नाही म्हणणाऱ्याकडे थांबायचं नाही.

विम्याचं सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या गाडीवर नवीकोरी थर्ड पार्टी पॉलिसी होती. तिच्या आधीच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, आकडा बघा. तो २० टक्क्यांपासून चढत ५० पर्यंत जातो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. मालक बदलला म्हणून शून्य झाला, असं सांगतील, कारण बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. पण आरसीवर मालक एकच आणि बोनस शून्य असेल, तर क्लेम कसला ते विचारा. मधे विमाच नव्हता म्हणाले, तर तेवढे महिने गाडी कुठे उभी होती तेही विचारा.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते भिंतीवर नसेल तर 'मी मधला माणूस' हे वाक्य पुढे येणार हे धरून चाला.

मी जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. पाच ते दहा लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी २०० रुपये, पाच लाखांपर्यंत काहीच नाही, मुदत दोन वर्षांची. पावती मूळ मालकाच्या नावाची असली तरी पैसे मी आरटीजीएसने कन्सल्टंटच्या खात्यावर भरले होते, आणि ती पट्टी कापलेली झेरॉक्स त्याच्याच माणसाने माझ्या व्हॉट्सॅपवरही पाठवली होती. दोन्ही तक्रारीला जोडलंय. तारखा चालू आहेत.